घरच्या गोधडीस दीर्घबाहु यंत्र हवें काय ?

घरांत एखादें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें असा प्रश्न निघाला म्हणजे त्याच्या दोन बाजू बहुधा आधींच ठरलेल्या असतात. ज्याला काम करावयाचें असतें त्याला यंत्र हवें असतें, आणि ज्याला पैसे मोजावयाचे असतात त्याला तें नको असतें. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. अमेरिकेंत संसार थाटलेल्या आपल्या लेकीसुनांच्या घरीं हल्लीं असाच एक वाद ऐकूं येतो. तो गोधड्या शिवण्याच्या मोठ्या यंत्राचा आहे. त्याची किंमत ऐकून इकडील वडील मंडळी कपाळास हात लावतात, आणि "गोधडीला कसलें आलें आहे यंत्र ? आमच्या आजीनें दोऱ्याच्या एका गुंडीवर सारें घर पांघरुणांनीं भरलें" असें म्हणून मोकळी होतात. हें उत्तर ऐकावयास गोड असलें, तरी त्यानें प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. कारण आजीची गोधडी व नातीची गोधडी या दोन वस्तु पुरत्या एक नव्हेत.

आपल्याकडील गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे पदर एकावर एक घालून धावदोऱ्यानें शिवलेलें पांघरूण. संस्कृतांतील 'कन्था' ती हीच. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्ताच्या अंगावर दिसते. अमेरिकेंतील 'क्विल्ट' हें तिचेंच दूरचें भावंड. परंतु त्याची घडण तीन थरांची असते : वर रंगीत कापडाचे तुकडे नेमक्या आकारांत कापून जोडलेला पदर, मध्यें कापसाची किंवा लोकरीची लादी, आणि खालीं अस्तर. तुकडे जोडून वरचा पदर सिद्ध करणें हें एक काम. तिन्ही थर टांक्यांनीं एकजीव करणें हें दुसरें. पहिलें काम रंगसंगतीचें व मोजमापाचें, दुसरें रेघेचें व हाताच्या चालीचें. एकाच बाईला दोन्ही सारखींच प्रिय असतात असा नियम नाहीं. ज्या यंत्राविषयीं आम्ही लिहीत आहों, तें केवळ दुसरें काम करतें; तुकडे जोडण्यास त्याचा उपयोग नाहीं, त्यासाठीं घरचें साधें शिवणयंत्र ठेवावेंच लागतें. किंमतीच्या वादांत पडलेल्या कित्येक कुटुंबांतील पुरुषांस एवढीहि गोष्ट ठाऊक नसते, आणि "एक यंत्र असतां दुसरें कशाला ?" या प्रश्नावरच गाडें अडून बसतें.

या यंत्रास तिकडे 'लाँगआर्म' म्हणतात. आम्ही त्यास या लेखापुरतें दीर्घबाहु म्हणूं. घरच्या शिवणयंत्राची सुई व उजवीकडील खांब यांच्यामध्यें सहासात इंचांची मोकळी जागा असते. मोठ्या यंत्रांत ती नऊ ते अकरा इंच भरते. आतां नऊ फूट लांबरुंद, मध्यें लादी घातलेलें पांघरूण या सात इंचांच्या बोळांतून न्यावयाचें आहे अशी कल्पना करावी. त्याची वळकटी करून अर्धी बाजू बोळांत कोंबावी लागते आणि उरलेली खांद्यावर, मांडीवर, टेबलावर लोंबत राहते. सुई एका जागीं नाचते आणि सारा भार हातांनीं तिच्याखालून फिरवावा लागतो. त्यापूर्वीं जमिनीवर गुडघे टेकून तिन्ही थर पसरावयाचे, सुरकुत्या मोडावयाच्या, शेंकड्यांनीं टांचण्या लावावयाच्या, हा सोपस्कार वेगळाच.

दीर्घबाहु यंत्रांत तीच जागा साधारणतः अठरा ते तीस इंच असते. तें आठ, दहा किंवा बारा फुटांच्या एका चौकटीवर बसवितात. तिन्ही थर चौकटीच्या रुळांवर ताणून गुंडाळतात, यंत्राच्या पायांस चाकें असतात, आणि शिवणारीनें दोन मुठी धरून तें यंत्रच कापडावरून फिरवावयाचें. हात भरभर चालला तर सुई भरभर चालते, हात थांबला तर सुई थांबते, आणि टांका सर्वत्र सारख्या लांबीचा पडतो. ही योजना त्याच्या अंगांतच असते. कागदावर काढलेली वेलबुट्टी मागल्या बाजूस अंथरून तिच्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवीत गेलें कीं तीच नक्षी कापडावर उमटते. याहून महाग यंत्रांस संगणक जोडलेला असतो, आणि मग बाईनें दोरा तुटला कीं ओवावयाचा, एवढेंच काम उरतें. त्याला शिवणें म्हणावें कीं राखण करणें म्हणावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

येथें एक गंमत वाटते. आमच्या लहानपणीं वाकळ शिवणारी बाई ती जमिनीवर पसरून तिच्यावरच बसे, आणि शिवीत शिवीत स्वतः पुढें सरके. कापड स्थिर, सुई फिरती. घरच्या शिवणयंत्रानें हा क्रम उलटविला : सुई स्थिर झाली आणि कापड फिरूं लागलें. सदऱ्याच्या बाहीस तें सोयीचें. अंथरुणाएवढ्या वस्तूस तें जाचाचें. दीर्घबाहु यंत्रानें केलें तें इतकेंच, कीं जुना क्रम पुनः लावला. म्हणून तें यंत्र म्हणजे आळशी बायकांचे चोचले, असें जें कांहीं वडील माणसें बोलतात, तें आम्हांस मान्य नाहीं. सन १९२४ मध्यें दिल्लीस रामचंद्रन् नांवाच्या तरुणाशीं झालेल्या संभाषणांत खुद्द महात्माजींनीं यंत्रांविरुद्ध बोलत असतांहि सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें तें प्रेमापोटीं निर्मिलें, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे चरित्रकार त्याचें जें चित्र काढतात तें इतकें सोज्ज्वळ नाहीं; १८५१ च्या पेटंटामागें प्रेमापेक्षां पैशाची ओढ अधिक होती, आणि त्याची संसारकथा तर मुलांबाळांसमोर सांगण्याजोगी नाहीं. पण महात्माजींची कसोटी खोटी ठरत नाहीं. यंत्रानें माणसाचे व्यर्थ कष्ट वांचवावे, त्याचे अवयव निकामी करूं नयेत, एवढीच ती कसोटी आहे. तिला साधें दीर्घबाहु यंत्र उतरतें. संगणकाचें उतरतें कीं नाहीं याविषयीं आम्हांस शंका आहे.

असो. आतां पैशाकडे वळूं, कारण वाद खरा तेथेंच आहे. लहान चौकटीचीं हलकीं यंत्रें पांचसहा हजार डॉलरांपासून मिळतात. मध्यम प्रतीचें चांगलें यंत्र चौकटीसकट बारापंधरा हजारांवर जातें. आणि संगणक जोडलेलीं मोठीं यंत्रें चाळीस हजार किंवा त्याहूनहि पुढें जातात. मिसूरी, आयोवा, यूटा या राज्यांतील कारखाने या धंद्यांत प्रसिद्ध आहेत. याउलट, ज्यांच्याजवळ असें यंत्र आहे अशा बाया दुसऱ्यांच्या गोधड्यांस मोबदला घेऊन टांके घालून देतात. एकच नक्षी सर्वभर घालण्याचा दर चौरस इंचास दोन सेंटांच्या आसपास असतो. कोठें दीड, कोठें तीन. जागोजाग वेगळी नक्षी हवी असेल तर दुप्पट, तिप्पट. साठ इंच रुंद व ऐंशी इंच लांब पांघरुणाचे चार हजार आठशें चौरस इंच होतात. दोन सेंटांप्रमाणें ९६ डॉलर. नव्वद गुणिले शंभर, म्हणजे मोठ्या पलंगाचें घेतलें तर १८० डॉलर. सरासरी १४० धरूं. चौदा हजारांचें यंत्र घेतलें तर तें शंभर गोधड्यांनीं फिटेल. वर्षाकांठीं पांच गोधड्या करणाऱ्या गृहिणीस वीस वर्षें लागतील, आणि तींहि दुरुस्ती, तेलपाणी व अडकून पडलेल्या रकमेचें व्याज यांचा विचार सोडून दिल्यास. केवळ व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर येथेंच लेख संपावयास हवा.

परंतु आमच्या पत्नीची एक भाची ओहायो प्रांतांत असते, तिच्या घरीं हेंच गणित मांडून झाल्यावरहि वाद तसाच राहिला, आणि तो कां राहिला हें पाहण्यासारखें आहे. बाई छप्पन्न वर्षांची, मुलगी नोकरीस लागलेली, घर मोकळें. दहा वर्षांत तिनें हा छंद चांगलाच वाढविला. तिच्या कपाटांत नऊ पदर जोडून पुरे झालेले, आणि टांके न घातलेले, घडी करून पडून होते. उजवा खांदा धरला होता, आणि घरच्या यंत्रावर मोठी गोधडी फिरविण्यास डॉक्टरांनीं मना केली होती. यजमानांनीं वरील शंभर गोधड्यांचा हिशेब कागदावर लिहून दाखविला. तिनें तो मान्य केला, आणि त्या दिवशीं ती जेवली नाहीं.

"काका, हिशेब बरोबर आहे हो," ती आम्हांस दूरध्वनीवर म्हणाली, "पण त्या नवांतले दोन पदर आईच्या लुगड्यांचे आहेत. ते मी परक्या बाईच्या हातीं द्यावे काय ?"

तिची आई तीन वर्षांपूर्वीं वारली. नऊवारी सुती लुगडीं ती इकडून घेऊन गेली होती. तेव्हां प्रश्न चौदा हजार डॉलरांचा राहिला नाहीं, हें आम्हांस कळलें. तिच्या यजमानांस तें कळण्यास अवकाश लागला, याचा दोष आम्ही त्यांस देत नाहीं. कागदावर लुगड्यास रकाना नसतो.

आम्हीं तिला विचारलें तें इतकेंच, कीं बाई, या नऊ पदरांस यंत्र हवें आहे, कीं तुला यंत्र हवें आहे ? शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हीं चार सांगण्याची जी जुनी रीत आहे, तींतील अधिकाऱ्याची चौकशी लोक खरेदीच्या वेळीं हमखास विसरतात. नऊ पदर एकेक करून तपासले तेव्हां असें दिसलें. आईच्या लुगड्यांचे दोन पदर धुऊन धुऊन विरलेले. दर मिनिटास हजाराहून अधिक टांके टाकणाऱ्या सुईखालीं ताणून बसविण्यासारखें तें कापडच नव्हे. जेथें सूत झिजलें आहे तेथें तें फाटावयाचें. पाठीशीं पातळ अस्तर चिकटवून बळकटी आणतां येते, पण मग लुगड्याचा मऊपणा जातो, आणि मऊपणा गेल्यावर आईच्या लुगड्यांत उरलें काय ? अशा कापडास हातचा धावदोराच योग्य. तो मांडीवर गोल कडें घेऊन, तासभर आज, तासभर उद्यां, असा घालतां येतो, आणि खांद्यावर भार पडत नाहीं. म्हणजे जे दोन पदर पुढें करून यंत्र मागितलें जात होतें, त्यांसच यंत्राची गरज सर्वांत कमी होती. राहिले सात. ते सात तिनें जवळच्याच एका दीर्घबाहुवालीकडे द्यावे. हजार डॉलरांच्या आंत काम होईल आणि कपाट रिकामें होईल, असें आम्हीं सुचविलें.

तिनें पांच दिले. दोन ठेवून घेतले, कारण तोंवर तिच्या कानीं आणखी एक सोय आली होती. तिकडील कित्येक दुकानांत एक लहानसा पाठ घेतला कीं तेथलेंच दीर्घबाहु यंत्र तासाच्या दरानें वापरावयास देतात. ही सोय आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या वस्तूवर वर्षांचा पैसा घालावयाचा, तिच्यापुढें आधीं दहा तास उभें राहून पाहावें. आणि 'उभें राहून' हे शब्द येथें अक्षरशः घ्यावेत, कारण हें काम बसून होत नाहीं. आमच्या भाचीचा खांदा दुखला नाहीं. टांचा मात्र दुखल्या, आणि जाड रबराच्या चटईवर उभें राहिल्यावर तेंहि कमी झालें. पहिली गोधडी वेडीवांकडी झाली. दुसरीवर तिनें कागदाची नक्षी न घेतां मनानेंच पारिजातकाच्या फांद्या काढल्या. त्या रात्रीं तिनें आमच्या पत्नीस जें सांगितलें तें असें, कीं शाळेंत चित्रकलेच्या तासाला जसें वाटे तसें चाळीस वर्षांनीं पुनः वाटलें.

येथपासून मात्र आमचें मत बदलत्या अंगानें चालूं लागलें. पूर्वीं जी गोष्ट 'गरज' म्हणून पुढें केली जात होती ती गरज नव्हती. आतां जी पुढें आली ती आवड होती, आणि तिनें गरजेचा बुरखा घेतलेला नव्हता. तिच्या यजमानांनीं आठ वर्षांपूर्वीं घेतलेली, उन्हाळ्यांत तीन महिने पाण्यांत आणि नऊ महिने ताडपत्रीखालीं राहणारी होडी आहे. तिचा हिशेब कोणी गोधड्यांत केला नव्हता. बाईच्या आवडीस मात्र आधीं उपयुक्ततेचें प्रमाणपत्र आणावें लागतें, हें आम्हीं एकत्र कुटुंबांत व विभक्त कुटुंबांत सारखेंच पाहिलें आहे. स्वतःच्या मिळकतीच्या शिलकेंतून, कर्ज न काढतां, केवळ आवड म्हणून ती यंत्र घेत असेल तर आमचा आक्षेप नाहीं. सिंगर कंपनीनें शतकापूर्वींच, नव्हे पाऊणदोनशें वर्षांपूर्वीं, हप्त्याहप्त्यानें यंत्र विकण्याची युक्ति काढली. आजहि दुकानदार तीच पुढें करतात, आणि हप्ता लहान दिसतो म्हणून यंत्र मोठें घेतलें जातें. आवड रोखीची असावी.

तीन गोष्टींविषयीं मात्र आमचें मत कठोर आहे. एक, "दुसऱ्यांचीं कामें घेऊन यंत्र फेडीन" हा बेत. अनेक बाया याच बेतानें यंत्र घेतात. गिऱ्हाइकाचें अस्तर चारी बाजूंनीं चार चार इंच जास्त आहे कीं नाहीं तें पाहावयाचें, तिचा वांकडा पदर सरळ बसवावयाचा, तिच्या पसंतीचा दोरा आणावयाचा, दिवाळी-नाताळाची मुदत पाळावयाची, आणि कराचे कागद भरावयाचे. यांत छंद जातो व दुकान राहतें. ज्यांस दुकानच काढावयाचें आहे त्यांनीं खुशाल काढावें. आणि नवविवाहित सुनांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें : पतीच्या नोकरीच्या आधारें एच-४ प्रकारच्या परवान्यावर गेलेल्या पत्नीस स्वतंत्र कार्यपरवान्याखेरीज मोबदल्याचें काम करण्याची मुभा नाहीं. असा कार्यपरवाना त्यांपैकीं कांहींस २०१५ पासून मिळूं लागला. ज्यांस तो नाहीं त्यांनीं शेजारणीच्या गोधडीचे पैसे घेऊं नयेत.

दुसरी गोष्ट, यंत्रानें कला येईल ही समजूत. सन १९८९ मध्यें केंटकी प्रांतांतील पाडूका येथील मोठ्या प्रदर्शनांत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या गोधडीस सर्वश्रेष्ठ म्हणून पारितोषिक मिळालें. यंत्रानें टांके घातलेल्या गोधडीस तो मान तेथें प्रथमच मिळाला, आणि जुन्या मंडळींत खळबळ उडाली. पण तें यंत्र दीर्घबाहु नव्हे, घरगुती होतें. आलाबामांतील जीज् बेंड या खेड्यांतील कृष्णवर्णी स्त्रियांनीं झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या हातीं शिवल्या, आणि २००२ मध्यें त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. ज्यांना रेघ येते त्यांना ती सुईनेंहि येते.

तिसरी गोष्ट जागेची, आणि ती सर्वांत क्षुल्लक दिसत असून सर्वांत जास्त घरांत ती नडते. चौकट दहा फुटांची घेतली तर प्रत्यक्ष शिवतां येणारी रुंदी दीडदोन फुटांनीं कमी भरते. दोन्ही टोंकांशीं माणूस वळेल इतकी वाट हवी. कागदाच्या नक्षीवरून काम करणें असेल तर मागल्या बाजूसहि उभें राहावें लागतें, म्हणून चौकट भिंतीस लावून चालत नाहीं. जमीन समपातळींत हवी, नाहींतर यंत्र आपोआप उतारास धांवतें. बसून वापरावयाचें एक मधलें यंत्र मिळतें, त्यास जागा थोडी लागते व पैसेहि निम्मे. पण त्यांत सुई स्थिर आणि कापड फिरतें, टांचण्याहि लावाव्या लागतात, तेव्हां ज्यांचा खांदा दुखतो त्यांस तो उपाय अर्धाच.

आमच्या भाचीच्या तळघराची लांबी तेरा फूट निघाली आणि मध्यें एक लोखंडी खांब. बारा फुटांच्या चौकटीची गोष्ट तेथेंच मिटली. दहा फुटांची, वापरलेली, पण ज्याच्या दुरुस्तीचा माणूस तासाभराच्या अंतरावर आहे अशी मिळते काय तें ती पाहत आहे. घाई नाहीं, तोंवर दुकानांतील यंत्र महिन्यांतून दोनदां वापरते. आईच्या लुगड्यांच्या पहिल्या पदरास हातानें निम्मे टांके घालून झाले आहेत. तळघराच्या जमिनीवर तिनें निळ्या चिकटपट्टीनें दहा फूट लांब व चार फूट रुंद चौकोन आंखून ठेवला आहे, आणि धुतल्या कपड्यांची टोपली घेऊन जातांना ती त्याला वळसा घालून जाते. हल्लीं यजमानहि वळसा घालूनच जातात असें तिनें गेल्या आठवड्यांत कळविलें.